लाल पट्टी खाली

चौसाळा, ६ ऑक्टोबर २०२४

भागवत,

वर आशीर्वाद लिहायचा रिवाज हाय, पण तू तो घेशील का न्हाई ठाव न्हाई, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली. टपालानं लिहितोय, कारण फोनवर तू मला ब्लॉक केलंय. योगिताच्या फोनवरनं लावला तर माझा नुसता 'हॅलो' ऐकून कट केलास. तुझ्या पुण्याच्या स्टुडिओचा पत्ता एका जुन्या खोक्यावर सापडला. पत्र कट करता येत न्हाई. फाडता येतं, ते तुझं तू बघ.

काम हाय म्हणून लिहितोय.

आबांचा गळा गेला. ज्येष्ठात गाठ निघाली, आषाढात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता मानेला खाली भोक हाय, त्यातनं श्वास घेतात. जीव वाचला. तुला कळवू नका असं आबांनीच सांगितलं होतं. न्हाई, खोटं कशाला लिहू. आबांनी काय सांगितलं न्हाई. मीच कळवलं न्हाई.

घरात आबा बोलले न्हाईत तर चालतं, आधी तरी कुठं बोलायचे. पण कळपाला हाक कोण मारणार? मेंढरं माळावर सुटतात आन् परत फिरत न्हाईत. आबा हात हलवतात, काठी आपटतात. शीळ घालायला जातात तर वारा तोंडातनं न येता भोकातनं येतो. मी हाक मारली की म्होरकी काजळी मान बी वर करत न्हाई, आन् ती पुढं चालल्याशिवाय बाकीची हलत न्हाईत. माझा आवाज मायच्या माहेरचा, पातळ. जन्म सगळा दुकानात ॲम्प्लिफायर उघडण्यात गेला. मेंढरं मला कशाला विचारतील?

फोनमध्ये आबांची जुनी हाक भरलेली होती. स्पीकरवर लावली. तीनदा आली मेंढरं, चौथ्यांदा न्हाई. रेकॉर्ड दर खेपेला एकसारखंच वाजतं, ते त्यांना कळतं. मग मी आपली सिंथची पेटी, विजेवर सूर बनवणारी, माळ्यावरनं खाली काढली.

ऐक, डोक्यात काय हाय ते सांगतो. आबांच्या भोकापाशी छोटा माईक. त्यांचा श्वास जेवढा जोरात, तेवढा आवाज मोठा. दर वेळचा श्वास वेगळा, म्हणून हाक बी दर वेळी वेगळी. सूर काढणारं मॉड्यूल माझ्याकडं हाय, आवाजाचं दार उघडझाप करणारं बी हाय. दोन्ही मी किट आणून स्वतः जोडलेली, अजून टकाटक. पण 'आ', 'ई', 'यो' असं बोलतं करायला जे फिल्टर लागतं, आपण ज्याला 'गळा' म्हणायचो, ते न्हाई. ते तुझं होतं, तयार आणलेलं, आन् ते बिरोबाच्या जत्रेत जळालं.

जुनं उकरत न्हाई मी. तयार माल, आत काय भरलंय कुणाला ठाव, जळाला. मी तवाच म्हणलतो किट आणू. तू म्हणायचास, "दादा, तुला आवाज पाहिजे का सोल्डरचा वास?" अन् मी म्हणायचो, किटात चूक झाली तर ती आपली असती, शोधली की सापडती. तयार मालात चूक कुणाची ते कधीच कळत न्हाई.

जाऊ दे. तसलं फिल्टर आता कुठं मिळतं एवढं कळव. किट असलं तर उत्तमच. माझा माझ्या हातावर भरवसा हाय.

अंगद


चौसाळा, १७ ऑक्टोबर २०२४

भागवत,

तुझं उत्तर न्हाई. नको देऊ. मी शोधून किट मागवलं, बीडला कुरिअरवाल्याकडं जाऊन घेऊन आलो.

दीडशेच्या वर पार्ट. काही तर इतके बारीक की योगितानं भुवया नीट करायचा चिमटा काढून दिला. दुकानाचं शटर अर्धं ओढून चार दिवस बसलो. लोक मिक्सर घेऊन येत होते, त्यांना उद्या या, उद्या या म्हणत होतो. प्रत्येक पार्ट मीटरवर मोजला, मग लावला. शेवटी वीज दिली आन् श्वास रोखून बटण फिरवलं.

किंचाळलं बे ते. 'आ' न्हाई, 'ई' न्हाई. पत्र्यावर खिळा ओढावा तसं. माय चुलीपासनं उठून आली, म्हणली, "अंगदा, कुणाचं काय मेलं का रं?"

सगळं उखडून परत लावलं. मग किंचाळायचं थांबलं आन् मुकंच झालं. आबा बघत होते. माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी, दोनदा थोपटलं. त्याच्यापरीस दोन कानफटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात केजचा शहादेव आला. मायच्या आतेभावाचा पोरगा, तुला आठवत असंल, मोठ्या मिशीचा. म्हणला, "ह्या वायरींच्या भेंडोळ्यातनं मामाचा आवाज काढतोयस व्हय?" मी त्याला सांगितलं, ही पट्टी सूर काढती, ही तो सूर गाळती, ही कमीजास्त करती, मधल्या वायरी आपल्या मर्जीनं जोडायच्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, "आन् वाघर? मेंढरं कोंडायच्या जाळीचं दार ह्यातली कुठली पट्टी उघडती?"

गेल्या आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. मेंढरं अंधार पडला तरी ओढ्याच्या पल्याड होती. कुणाला वळवता आली न्हाईत. त्या दिवसापासनं आबा वाघरीकडं पाठ करून बसतात. मेंढरं हितं, जाळीच्या आत, आन् आबांचं तोंड भिंतीकडं. भाकरी दुधात कुस्करून दिली तर दोन घास. माय ताट उचलून घेऊन जाती आन् आत जाऊन तोंडावर पदर घेती.

शहादेव कळप घेऊन जायला तयार हाय. पाडव्यानंतरचा सोमवार, चार तारीख. आबांनी मान हलवली. हो म्हणले का न्हाई म्हणले, कुणाला उमगलं न्हाई, पण माय म्हणली हो म्हणले.

मेंढरं गेली तर आबा फार दिवस काढायचे न्हाईत. हे डॉक्टर म्हणत न्हाई, मी म्हणतो. सत्तर वर्षांचा माणूस, पायात चाल हाय, छातीत दम हाय, नुसती हाक न्हाई म्हणून भिंतीकडं बघत बसलाय.

भागवत, मला किट जमलं न्हाई. हे मी तुला लिहितोय, मी. तयार गळा कुठं असंल तर पाठव. तुझ्या पाया पडतो. मी थोरला हाय तरी पडतो.

अंगद


चौसाळा, २५ ऑक्टोबर २०२४

भागवत,

तुझं खोकं काल मिळालं. आत चिठ्ठी असंल म्हणून कागदाचा एकूण एक बोळा उलगडून बघितला. न्हवती. तयार गळा, चकचकीत, आन् त्याच्या पाठीला चपटी वायर आधीच बसवलेली, त्यावर गरम गोंदाचा मोठा गोळा. वायर काढता येत न्हाई, उलटी तर मुळीच लावता येत न्हाई. दुसऱ्या टोकाला बी तू प्लॅस्टिकची खाच करून दिलीस. एकाच बाजूनं आत जातं.

योगितानं विचारलं, "हे असं चिकटवून कशापायी पाठवलंय भाऊजींनी?"

मी म्हणलं, कारखान्यातनं तसंच येतं.

पाच मिनिटांत बसलं. पाच मिनिटं. मी चार दिवस घातले आन् मुकं निघालं, तुझं पाच मिनिटांत 'यो' म्हणायला लागलं. मी खूष झालो का चिडलो ते मला बी सांगता येणार न्हाई.

दुपारी चारला आबांना वाघरीपाशी उभं केलं. भोकापाशी माईक, हातात बटण. मी म्हणलं, आबा, हाक मारा. त्यांनी छाती भरून श्वास सोडला आन् स्पीकरमधनं हाक आली. "हिर्रर्र यो, यो, यो." अगदी आबांची न्हाई, पण लई जवळची. मायनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आबांच्या डोळ्यातनं पाणी आलं, आषाढापासनं पहिल्यांदा.

अन् मेंढरं चरत होती.

आबांनी परत मारली. परत. दहा-बारा वेळा मारली असंल. काजळीनं एकदा कान हलवला, तो माशीसाठी. मग आबांनी माईक काढला, माझ्या हातात दिला, आन् भिंतीकडं जाऊन बसले.

मला वाटलं बटणं अजून नीट लावायला पाहिजेत. पुढचं काय झालं ते ऐक. मी फोन स्पीकरला जोडला, आबांची जुनी हाक लावून सूर मिळवावा म्हणून. शोधता शोधता बोट तुझ्या निरोपावर पडलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तू पुण्याहून पाठवलेला, अडीच मिनिटांचा. मी तो तवा अर्धाच ऐकलेला. तो अर्ध्यापासनंच पुढं वाजायला लागला, सगळ्या माळावर, मोठ्यानं.

शेवटी तू रडत होतास. मला ठावच न्हवतं. म्हणलास, "काजळीला सांग मी गेलो म्हणून," आन् मग हाक मारलीस. पुण्यातनं, कुठल्यातरी रस्त्यावरनं, मागं गाड्यांचे हॉर्न. हिर्रर्र यो.

काजळी अशी वळली भागवत, की पुढच्या पायांवर पडता पडता राहिली. ओढ्याच्या पल्याडची सुद्धा आली. दोनशे मेंढरं स्पीकरला भिडली, जाळी मोडली, स्पीकर पाडला. वास घेत होती त्याचा. आबा उभे राहिलेले, भिंतीला हात लावून, माझ्याकडं न्हाई, फोनकडं बघत.

परत वाजवला न्हाई मी. त्यांना एकदाच पुरं. काजळी स्पीकरपाशी सांजेपर्यंत उभी होती.

निरोपाच्या पहिल्या अर्ध्यात तू काय म्हणालतास ते मला आठवत न्हाई.

अंगद


चौसाळा, २८ ऑक्टोबर २०२४

भागवत,

आठवतं. रोज आठवतं.

तू विचारलं होतंस, "दादा, लाल पट्टी कुठं होती, एवढं फक्त सांग. वर का खाली?" चारदा विचारलंस. चौथ्यांदा ओरडलास. मी तिथंच बंद केलं.

वर होती.

तुला ठाव हाय, मला ठाव हाय, विजेच्या वायरीची लाल पट्टी खालच्या बाजूला. शंभरदा लावलीय मी, झोपेत लावीन. पण त्या दिवशी देवळापुढं मांडव खचाखच, भंडारा उधळलेला, आबा ओवी म्हणायला पटका बांधून उभे, लोक आबांकडं बोट करून म्हणतायत, सिदूच्या पोरांनी यंत्र आणलंय, गाणाऱ्याला सुरात जाब देणारं. तू माईक बघायला गेलतास. पेटी माझ्याकडं. सगळ्या वायरी निघालेल्या, प्रवासात हलल्या होत्या. आन् माझ्या हातानं लाल वर केली. सगळ्याच मॉड्यूलांना.

कशापायी ते सांगू? तू हसू नको. कळप रंगवायला मी लहानपणापासनं बसायचो, चरायला न्हाई गेलो पण रंगवायला बसायचो. लाल डोक्याला. एक एक मेंढरू धरायचं, लाल डोक्याला. आबा म्हणायचे, लाल बघून डोकं कुठं हाय ते लांबनं कळलं पाहिजे. घाईत डोकं चाललं न्हाई, हात चालले. हाताला लाल म्हणजे वर एवढंच ठाव होतं.

माझी किटं वाचली, कारण उलट्या विजेला अडवणारे डायोड मी आपल्या हातानं जादाचे लावलेले. तुझ्या तयार गळ्यात ते न्हवते. धूर निघाला. लोक हसले. आबांचा पटका बांधलेला तसाच राहिला. अन् त्यांनी मला विचारलं, काय झालं? तोवर मी तुझ्या गळ्याची वायर सुलटी केलती. दोन सेकंदात. आन् म्हणलं, "ह्याचा तयार माल आबा. कच्चा निघाला. मी सांगत होतो."

मी, जो सगळ्यांना सांगत फिरायचो की किटात चूक आपली असती.

मग आबांनी भर मांडवात तुला जे सुनावलं, वाघरीत पाय ठेवू नको म्हणाले, ते तुला न्हवतं रं. ते माझं होतं. तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मी वायर गुंडाळत होतो.

तुला तवाच ठाव होतं. तरी तू मांडवात बोलला न्हाईस, आन् आता अडीच वर्षांनी एक शब्द न लिहिता वायर गोंदानं चिकटवून पाठवलीस. त्यापरीस शिवी दिली असतीस तर मी सुटलो असतो.

आज सकाळी आबांना सांगितलं. सगळं, वाघरीपाशी, माय आन् योगिता समोर. आबांनी काठी उचलली. मी म्हणलं, मारा. त्यांनी ती माझ्या पायापाशी टाकली आन् माळाकडं चालत गेले. माय म्हणली, "तुझ्या तोंडाला किडं पडू दे अंगदा," आन् मग स्वतःच ओरडून रडली.

दुपारी आबा आले. मला खुणेनं म्हणले, कागद आण. त्यांना लिहिता येत न्हाई. पाडव्याला मेंढरं रंगवायला भिजवलेल्या रंगात अंगठा बुडवला. ह्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात जो लाल डाग हाय, तो त्यांचा. मी म्हणलं, आबा, अंगठा खाली करायचा असतो, सहीच्या जागी. ऐकलं न्हाई. डोक्याला केला.

मग त्यांनी दोन बोटं एकापाशी एक धरली, आन् मान हलवत राहिले. मला उशीर लागला समजायला. नवा माणूस कळपावर आला की जुन्यानं शेजारी उभं राहून त्याच्या बरोबर हाक मारायची, पंधरा दिवस. मग मेंढरं नवा आवाज आपला मानतात. मेंढरांना तुझी हाक जुनी, यंत्राची नवी. तू आन् आबांचं यंत्र, शेजारी शेजारी. पंधरा दिवस, भागवत. तेवढ्यात काजळीला कळंल की ते खोकं म्हणजे आबाच हायत.

तू आलास तर मी दुकानात झोपीन, तुझ्यापुढं येणार न्हाई. माफी मागत न्हाई, ती मागायचं तोंड न्हाई माझ्याकडं. सोमवारी दुपारी बाराला शहादेव टेम्पो घेऊन येतोय. मी त्याला थांब म्हणून बघितलं, तो म्हणला, "मामाला अजून किती दिवस असं बसवणार हाईस?" त्याचं चुकलं न्हाई.

येताना काय आणू नको. ना किट, ना तयार.

अंगद


चौसाळा, ४ नोव्हेंबर २०२४, सकाळ

भागवत,

हे पत्र कुठं टाकू ठाव न्हाई. आधीचं तुला मिळालं का, का दिवाळीच्या सुट्टीत बीडला टपालाच्या पोत्यातच पडलंय, ते बी ठाव न्हाई. हातांना काम पाहिजे, म्हणून लिहितोय.

पाडव्याला आबांनी सगळी मेंढरं रंगवली. एकट्यानं. मला हात लावू दिला न्हाई, फक्त रंगाची बादली धरायला लावली. काजळीला सगळ्यात शेवटी. तिच्या डोक्यावर हात ठेवून लई वेळ बसले.

शहादेव बाराला येणार होता, तो साडेदहालाच आला. टेम्पो फाट्यापासनं आत घेतला, फळी लावली. पहिल्या खेपेची दहा-पंधरा मेंढरं चढली बी. आबा दगडावर बसलेत, तोंड भिंतीकडं. यंत्र त्यांच्या शेजारी ठेवलंय, बटण चालू, त्यांच्या श्वासाबरोबर उगंच बारीक हुंकारतंय. कुणी बंद करायला धजत न्हाई.

माय म्हणती, काजळीला तू चढव. मी तिची शिंगं धरलीत एका हातानं, दुसऱ्या हातानं हे लिहितोय, कागद टेम्पोच्या फळीवर. ती पाय रोवून उभी हाय. शहादेव म्हणतोय, "ओढ की, काय लिहीत बसलास?"

ओढवत न्हाई मला भागवत. मी काय

थांब.

मान वर केली तिनं, त्या दिवशी तुझ्या हाकेला केलती तशी. शिंगं हिसडली माझ्या हातातनं. टेम्पोत चढलेली मागं फिरली, फळीवरनं उड्या टाकतायत, शहादेव ओरडतोय. सगळ्यांची तोंडं फाट्याकडं.

मला काहीच ऐकू येईना. मायला बी न्हाई. पण आबा उठलेत, आन् त्यांनी माईक गळ्याला लावलाय.